वर्गात चार्ल्स्टनचा जकात नाका कसा मांडायचा

अमेरिकेचा इतिहास शिकवताना 1832-33 चा ‘नलिफिकेशन’चा (राज्याने केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्द ठरवण्याचा) वाद बहुतेक वेळा भाषणांतच संपतो. केंद्राच्या बाजूचा सिनेटर वेब्स्टर काय म्हणाला, राज्यांच्या बाजूचा हेन काय म्हणाला; पोरं घोकतात, परीक्षा झाली की विसरतात. खरं भांडण साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन बंदरात, जकातीच्या (परदेशी मालावरच्या आयातकराच्या) नाक्यावरच्या कागदांचं होतं: माल कोणाच्या ताब्यात, पैसे कधी, खटला कुठल्या कोर्टात. दोन तासिकांत, चार बाकं जोडून ते दाखवता येतं.

सामान घरचंच चालेल. लोकरी मालासाठी एक घोंगडी आणि मोलॅसिससाठी काकवीची बाटली (1828 च्या कायद्याने मोलॅसिसवर गॅलनमागे 10 सेंट बसवले होते). शिवाय हमीपत्राचे कोरे कागद आणि एक शिक्का. पात्रं: दोन व्यापारी, जकात अधिकारी, फेडरल न्यायाधीश, राज्याचा न्यायाधीश, शेरीफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा स्थानिक अधिकारी). उरलेले सगळे ज्युरी, म्हणजे खटल्याचा निवाडा करणारे साधे नागरिक.

आधी दहा मिनिटं पार्श्वभूमी. 1781 नंतरच्या काँग्रेसला स्वतः कर बसवता येत नव्हता. आयातीवर 5 टक्के जकातीचा प्रस्ताव 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला, कारण सगळ्या 13 राज्यांची संमती लागत होती. 1787 च्या राज्यघटनेने हे उलटं केलं. पहिल्या कलमाच्या 8 व्या विभागाने जकातीचा अधिकार काँग्रेसला दिला आणि 10 व्या विभागाने राज्यांचा काढून घेतला. तपासणीच्या खर्चापुरती सूट ठेवली, तीही उरलेली रक्कम केंद्राच्या तिजोरीत भरण्याच्या अटीवर. निपाणीहून आलेल्या ट्रकवर महाराष्ट्राने कोगनोळीजवळ आयातकर लावला तर, असं विचारलं की मुद्दा लगेच डोक्यात शिरतो.

पहिली फेरी: नेहमीचा दिवस. व्यापाऱ्याने 1000 डॉलरचं लोकरी कापड उतरवलं. दर 50 टक्के धरा. 1832 च्या कायद्यात लोकरी कापडावर तेवढाच होता. म्हणजे 500 डॉलर. पण तो रोख देत नाही. जामीनदारासह हमीपत्रावर, म्हणजे पैसे नंतर भरण्याच्या लेखी वचनावर, सही करतो आणि माल घेऊन जातो. हा कागद सगळ्यांना हातात धरून बघू द्या, कारण पुढचा सगळा डाव यावरच आहे. पैसे बुडवले तर सरकारला कोर्टातच जावं लागतं.

दुसरी फेरी: 24 नोव्हेंबर 1832 चा साउथ कॅरोलायनाचा ठराव मोठ्याने वाचा. 1828 आणि 1832 चे जकात कायदे 1 फेब्रुवारी 1833 पासून राज्यात रद्द, सुप्रीम कोर्टात अपील नाही, राज्याच्या कोर्टातल्या ज्युरींनी ठराव पाळण्याची शपथ घ्यायची. व्यापारी हमीपत्राचे पैसे नाकारतो. अधिकाऱ्याने माल अडवला, तर व्यापारी राज्याच्या कोर्टात जातो आणि शेरीफ घोंगडी उचलून त्याला परत देतो. एकही गोळी न झाडता जकात गेली! फेडरल कोर्टातही ज्युरी तिथल्याच माणसांतून येणार, ही ठराववाल्यांची मदार होती.

तिसरी फेरी: राष्ट्राध्यक्ष जॅक्सनच्या बाजूचा फोर्स अ‍ॅक्ट, म्हणजे जकात वसूल करण्यासाठी केंद्राने केलेला कायदा. नाक्याचं बाक उचलून व्हरांड्यात न्या, कारण या कायद्याने जकात कचेरी बंदरातल्या सुरक्षित जागी, अगदी जहाजावरही हलवता येत होती. हमीपत्र बंद, आधी रोख. शेरीफला माल सोडवता येणार नाही आणि खटला फेडरल कोर्टात जाईल. व्यापाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ही टक्कर प्रत्यक्षात झाली नाही, हे मात्र लगेच सांगा: जानेवारीत चार्ल्स्टनच्या सभेने ठरावाचा अंमल लांबवला, आणि 2 मार्च 1833 ला फोर्स अ‍ॅक्ट व सिनेटर क्लेची तडजोड (जकात टप्प्याटप्प्याने कमी करणारा कायदा) या दोन्हींवर एकाच दिवशी सह्या झाल्या.

फसतं कुठे? जकात कापसावर होती, असं निम्मा वर्ग धरून चालतो. निर्यातीवर कर घटनेनेच बंद होता. तक्रार विकत घ्यायच्या मालाच्या भावाची आणि कापसाचं परदेशी गिऱ्हाईक दुरावण्याची होती. दुसरं म्हणजे सगळा दक्षिण भाग एका बाजूला उभा करतात, पण साउथ कॅरोलायना एकटी पडली होती. तिसरी चूक सगळ्यांत वाईट: केंद्राविरुद्ध राज्य म्हटलं की पोरं टाळ्या वाजवतात. त्या राज्यात निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती, आणि आज जकातीत हात घालणारं केंद्र उद्या गुलामगिरीत घालेल ही भीती या हट्टामागे होती. फळ्यावर हे पहिल्या फेरीआधीच लिहा.

शेवटी तडजोडीचा हिशेब पाटीवर करून घ्या. 20 टक्क्यांच्या वरचा भाग कापायचा होता. 50 मध्ये जादा 30. दर दोन वर्षांनी त्याचा दहावा भाग, म्हणजे 3 कमी. 1833 च्या अखेरीपासून चार कपाती: 47, 44, 41, 38. उरलेल्या 18 चे दोन तुकडे: 1841 संपताना 29, जून 1842 संपताना 20. मोठी कपात शेवटी का ढकलली हे विचारा; उत्तरेच्या गिरणीवाल्यांना सवड हवी होती. आणि 30 ऑगस्ट 1842 ला नव्या कायद्याने दर पुन्हा चढले. ते 20 टक्के जेमतेम दोन महिने टिकले.