बारावीनंतरचं कॉलेज: गोव्यातल्या घराने अकरावीतच हाती घ्यायची कामं

कॉलेजची तयारी म्हणजे क्लास आणि टेस्ट सिरीज, असं बहुतेक घरांत धरलं जातं. अभ्यास तर हवाच. पण ७५ टक्के मिळवलेल्या मुलाची जागा किंवा शिष्यवृत्ती एखाद्या दाखल्यापायी जाते, तेव्हा त्यात अभ्यासाचा काहीच दोष नसतो. म्हणून अकरावीच्या पहिल्या सत्रात, अजून घाई नसताना, कागदांना हात घाला.

आधी नाव जुळवा

दहावीची गुणपत्रिका, आधार, जन्मदाखला आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि मुलाचं नाव एकेक अक्षर बोटाने लावून वाचा. गोव्यात हे जास्तच गरजेचं आहे. आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाचं ‘पोरोबो’, वडिलांच्या कागदावर ‘प्रभू’, एका ठिकाणी ‘नाईक’ शेवटी ‘क्यू’ने, दुसरीकडे ‘के’ने, कुठे वडिलांचं नाव मध्ये आहे, कुठे नाहीच. घरात कुणाला हे खटकत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा, कारण जेईई, नीट, सीयूईटी या प्रवेश परीक्षांत सगळीकडे तीच बघतात. आधारवरचं नाव तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर पावतीची पडताळणी स्वतः करा. तिथे चुकलेलं अक्षर एक संधी खाऊन टाकतं. दोन कागदांवरचं नाव एकाच माणसाचं आहे हे सिद्ध करायची वेळ आली, तर मामलेदार कार्यालयातून डायव्हर्जन्स दाखला काढावा लागतो. तो एका दिवसात हातात येईल असं गृहीत धरू नका.

रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदाराकडचा. अर्ज ‘गोवा ऑनलाइन’ या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो. उत्पन्नाचा दाखला अगदी लवकर काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण शिष्यवृत्तीला चालू वर्षाचाच मागतात. जातीच्या दाखल्यात मात्र पुष्कळ जण फसतात. राज्याचा ओबीसी दाखला घरात असतो, पण आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयरचा लागतो, आणि तो त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा. ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही, तसंच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. जूनमध्ये समुपदेशन (जागावाटप) सुरू झाल्यावर धावलात, तर सर्वसाधारण गटातून जागा घ्यायची पाळी येते.

बारावी कुठून द्यायची

क्लाससाठी कोटा, बेळगाव किंवा हैदराबादला जाऊन तिथेच बारावी देण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी तपासा. एनआयटीच्या निम्म्या जागा गृहराज्याच्या मुलांसाठी असतात, आणि तुमचं गृहराज्य ठरतं ते बारावी जिथून उत्तीर्ण झालात त्यावरून. रहिवासी दाखल्याचा इथे उपयोग नाही. पेडण्याचा मुलगा राजस्थानात बारावी झाला, तर कुंकळ्ळीच्या एनआयटी गोव्यासाठी तो राजस्थानचा. आमच्या मते गोव्यातून बारावी देऊन क्लास ऑनलाइन किंवा सुट्टीत करणं हाच बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. शिवाय आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. बोर्डाचा अभ्यास बाजूला टाकला, तर जेईईचे गुण असूनही दार बंद होतं.

फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज आणि राज्यातल्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी पूर्वी जीसीईटी ही राज्याची परीक्षा होती, आता प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतो. प्रवेशाचा अर्ज पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचा. झुआरीनगरच्या बिट्सची बिटसॅट वेगळी, आर्किटेक्चरला नाटा वेगळी, केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी वेगळी. नीटबद्दल एक गैरसमज दरवर्षी ऐकू येतो: गुण आले की गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) अर्ज आपोआप जातो. जात नाही. १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी एमसीसी या केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे नोंदणी, आणि राज्याच्या जागांसाठी संचालनालयाकडे निराळी. निकालाच्या आनंदात दुसरी राहून जाते.

कला, वाणिज्य, विज्ञानासाठी गोवा विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत अर्ज करायचा. २०२३-२४ पासून पदवी चार वर्षांची झाली आहे, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. खर्चाचा हिशेब मांडताना दोन्ही आकडे धरा.

खर्च: फी हा त्यातला एकच रकाना

वहीच्या एका पानावर प्रत्येक कॉलेजसाठी ओळ आखा: शिक्षण शुल्क, परत मिळणारी अनामत, वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तकं-लॅपटॉप. मग वर्षांनी गुणा आणि दरवर्षी थोडी वाढ धरा. मेसचे महिने मोजताना सुट्ट्या वजा करू नका. पुष्कळ ठिकाणी पूर्ण सत्राचे पैसे घेतात. पुण्या-बंगळुरूहून चवथीला, नाताळाला आणि मे महिन्यात घरी यायची तिकिटंही लिहा. गोव्यातलं कॉलेज म्हणजे घरून ये-जा, हेही प्रत्येकाला लागू नाही. काणकोणहून फर्मागुडीला रोज जायचं तर मडगावला आणि फोंड्याला बस बदलावी लागते. प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की संध्याकाळ गेली. तिथे वसतिगृहाचा खर्च धरलेलाच बरा.

शिष्यवृत्ती मंजूर होते, पैसे येत नाहीत

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी, मग अर्ज. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला बारावीत आपल्या मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे ८० टक्के मुलांच्या पुढे) असणं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असणं लागतं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तांत्रिक पदवी-पदविकेच्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती वर्षाला ५०,००० रुपये देते. तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. राज्याची बर्सरी (आर्थिक मदत) आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्जही बघा. या दोन्हींचे चालू वर्षाचे निकष अर्ज उघडल्यावर वाचूनच पुढे जा.

अर्ज पाठवला म्हणजे काम संपलं नाही. पोर्टलवर तो कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे पडताळणीला जातो आणि तिथे पडून राहू शकतो. दहा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा. ‘प्रलंबित’ दिसली तर छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा. ‘दुरुस्तीसाठी परत’ दिसलं तर त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण तीही मुदत संपते.

आता सर्वांत फसवी जागा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात थेट येतात. खात्याची केवायसी झाली म्हणजे हे जोडकाम झालं, असं नव्हे. बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी खात्याला आधार जोडणं) असं स्पष्ट सांगून अर्ज द्यावा लागतो. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत राहतं. नवं खातं उघडताना कुणी फॉर्मवर खूण केली, तर पैसे तिकडे वळतात आणि तुम्ही जुन्या पासबुकात शोधत बसता. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ हा शब्द, दोन्ही वाचा.

पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

कर्ज घ्यायचं असेल तर

विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. ४ लाखांपर्यंत बँका सहसा स्वतःचा वाटा मागत नाहीत. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के, परदेशासाठी १५ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या मुलांना तारणाविना कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी पाहा.

समजा दरवर्षी दीड लाख असे चार वर्षांत ६ लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत राहतं. पाच वर्षांत ते २ लाख १० हजार होतं. मग ८ लाख १० हजारांवर सात वर्षांसाठी महिना साधारण १३,४५० रुपये हप्ता बसतो. तेच व्याज जमेल तसं आधीपासून भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि पाचव्या वर्षी ५,०००, तर ६ लाखांवर हप्ता ९,९६० च्या आसपास येतो. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरातही सूट देतात. विचारून लेखी घ्या.

एका कॉलेजात फी भरून नंतर दुसरीकडे जागा मिळाली, तर रद्द करण्याचा अर्ज लगेच लेखी द्या आणि पोच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी अर्ज दिला तर प्रक्रिया शुल्क वगळून पूर्ण फी परत मिळते, त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के अशी घसरत जाते, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. अनामत परत द्यावीच लागते, आणि मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. ऑफिसात तसं कुणी म्हणालं, तर हाच नियम अर्जात लिहून द्या.