माइनक्राफ्ट सर्व्हरवर लांबचं दिसावं म्हणून

शनिवारवाड्यापासून पर्वती सरळ रेषेत अडीच किलोमीटरहून थोडी लांब आहे. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. सर्व्हरवर खऱ्या मापाचं पुणे बांधायला घेतलं, तर वाड्याच्या बुरुजावरून साधारण 160 मीटरनंतर सगळं धुक्यात जातं. खेळाच्या जावा आवृत्तीत सर्व्हरचा व्ह्यू-डिस्टन्स, म्हणजे सर्व्हर किती लांबपर्यंतची जमीन पाठवतो ते अंतर, मुळात 10 चंक असतो. चंक म्हणजे जमिनीचा चौकोनी तुकडा, 16 ठोकळे रुंद. खेळाडूने आपल्याकडे रेंडर डिस्टन्स (त्याच्या पडद्यावर दिसणारं अंतर) 32 लावला तरी उपयोग नाही, दोन्हींतला लहान आकडाच चालतो.

'सर्व्हरला सरळ 32 लावा' हा सल्ला ऐकू नका. 10 वर प्रत्येक खेळाडूभोवती 441 चंक असतात, 32 वर 4225. आणि एवढं करूनही दिसणार 512 मीटरच.

सर्व्हर बंद करा. सर्व्हर-प्रॉपर्टीज फाइलमध्ये व्ह्यू-डिस्टन्स 16 आणि सिम्युलेशन-डिस्टन्स 6 लिहा. खेळाच्या 1.18 आवृत्तीपासून हे दोन आकडे वेगळे आहेत. पिकं वाढणं, प्राणी हलणं, रेडस्टोन (खेळातली वीज-यंत्रणा) चालणं हे सगळं दुसऱ्या आकड्यावर. तो कमी केला की प्रोसेसर मोकळा होतो आणि नजरेला काही कमी पडत नाही. मात्र खेळाडूपासून शंभरेक ठोकळ्यांपलीकडची शेती थांबते, हे सगळ्यांना आधी सांगा.

आता खरी अडचण. सर्व्हर अडकतो तो बहुतेकदा नवीन जमीन तयार करताना. तयार जमीन डिस्कवरून वाचणं त्यामानाने खूप हलकं. एलिट्रा (खेळातले पंख) आणि रॉकेट घेऊन उडणारा खेळाडू सेकंदाला तीसेक ठोकळे कापतो, म्हणजे जवळपास दोन चंक. 16 च्या अंतरावर प्रत्येक रांगेत 33 चंक. सेकंदाला साठहून जास्त चंक एकट्यासाठी! तेव्हा जमीन आधीच तयार करून ठेवा. हे टाळून आकडा वाढवण्यात काही अर्थ नाही.

त्यासाठी चंकी हे प्लगिन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. 'चंकी रेडियस 3000' ही कमांड द्या, मग 'चंकी स्टार्ट'. सुमारे 1,40,000 चंक होतात, म्हणून रात्री कोणी खेळत नसताना लावा. गुरुवारी तुमच्या भागात वीज जाणार असेल तर आधी 'चंकी पॉज' करून सर्व्हर नीट बंद करा, नंतर 'चंकी कंटिन्यू'. मग वर्ल्डबॉर्डर, म्हणजे खेळाडूंना बाहेर जाता येणार नाही अशी जगाची सीमा, घाला, आणि इथेच बरेच जण चुकतात: चंकी त्रिज्या घेतं, वर्ल्डबॉर्डर पूर्ण रुंदी. 3000 ला 6000 लिहायचं. केंद्रही दोन्हीकडे एकच हवं.

एकाला उडवून 'टिक क्वेरी' ही कमांड बघा. सर्व्हरला एका टिकला, म्हणजे खेळाच्या एका पावलाला, किती वेळ लागतो ते ती सांगते. सरासरी 50 मिलिसेकंदांच्या वर गेली तर व्ह्यू-डिस्टन्स 12 वर आणा.

पर्वती मात्र यानेही दिसणार नाही. त्यासाठी डिस्टंट होरायझन्स हे मॉड (खेळात बदल करणारी जोड) लागतं. ते लांबची जमीन ढोबळ आकारात दाखवतं. 256 चंक लावले की चार किलोमीटर. मॉड फक्त खेळाडूकडे असेल तर त्याला स्वतः फिरून आलेला भागच दिसतो. सर्व्हरवरही टाका.