पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोय? मग हे करा

आधी एक सांगतो, क्लोरीनला घाबरून ते बंद करू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव भागात जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली तेव्हा दूषित पाणी काय करू शकतं ते सगळ्यांनी बघितलंय. जंतूंचा धोका आजचा आहे, क्लोरीनच्या बायप्रॉडक्टचा (क्लोरीनमुळे पाण्यात बनणाऱ्या इतर रसायनांचा) वर्षानुवर्षांचा.

पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ असं काही असेल तर क्लोरीन त्याच्याशी रिॲक्ट होऊन ट्रायहॅलोमिथेन बनतात, क्लोरोफॉर्म त्यातलंच एक. १९७४ मध्ये हे नेदरलँड्समध्ये लक्षात आलं. असं पाणी खूप वर्षं पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय, म्हणून काळजी घ्यायची. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा डोस वाढतो आणि ही भानगडही वाढते.

विहिरीचं किंवा टँकरचं गढूळ पाणी असेल तर त्यात डायरेक्ट मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) ओतू नका, आधी तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी स्वच्छ कापडातून गाळून घ्या आणि मगच बाटलीवर लिहिलंय तेवढे थेंब टाकून अर्धा तास थांबा. हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा, कारण घाण आधीच निघाली की क्लोरीनही कमी लागतं आणि बायप्रॉडक्टही कमी बनतात. गावच्या विहिरीचंही तेच, टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकायच्या आधी पाला काढून घ्या, आणि ओटी टेस्ट (पाण्यात किती क्लोरीन उरलंय ते रंगावरून सांगणारी टेस्ट) करून क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नाही ना ते जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचा पाणी बघणारा माणूस) विचारा.

नळाचं पाणी उकळताना झाकण काढून ठेवा, खिडकी उघडी ठेवा, क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडून जातं. गरम पाण्याच्या शॉवरमध्ये तेच श्वासातून आत जातं, त्यामुळे बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा. हॅलोॲसेटिक ॲसिड नावाचे दुसरे बायप्रॉडक्ट मात्र असे उडत नाहीत, त्यासाठी कार्बन फिल्टर हवा आणि त्याची कार्ट्रिज वेळेवर बदलायला हवी, नुसतं आरओ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, आत कार्बन आहे का ते सर्व्हिसवाल्याला विचाराच. कार्बनमधून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही म्हणून ते साठवून ठेवू नका, रोजचं रोज भरा.

टीडीएस मीटरवर यातलं काहीच दिसत नाही, ते फक्त क्षार दाखवतं. खात्रीच करायची असेल तर लॅबमध्ये ट्रायहॅलोमिथेनची टेस्ट वेगळी सांगून करून घ्या आणि रिपोर्टमध्ये क्लोरोफॉर्म लिटरला ०.२ मिलिग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेन (हेही ट्रायहॅलोमिथेनच) ०.०६ च्या आत आहे का बघा, आयएस १०५०० ची (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मर्यादा तीच आहे.