साक्षीला जाण्याआधी, सोर्सच्या नावासाठी

बातमीची माहिती देणाऱ्या माणसाचं, म्हणजे सोर्सचं, नाव विचारण्यासाठी पत्रकाराला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. असं समन्स हातात पडलं की आधी ते पूर्ण वाचा. पोलिसांची नोटीस आहे की कोर्टाचं समन्स, नुसतं साक्षीला बोलावलंय की कागद आणि फोनही मागितलाय, ते बघा. त्याच दिवशी वकील गाठा. वृत्तपत्राचा वकील वृत्तपत्राचं हित बघणार. तो तुमचीही बाजू मांडणार का, हे तोंडावर विचारून घ्या. तालुक्यात मानधनावर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

कायदा आपल्याला वाचवेल, या भरवशावर राहू नका. प्रेस कौन्सिल (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार सोर्स सांगायची सक्ती नाही, पण ही सूट फक्त कौन्सिलपुढे. कोर्टात हे कलम कामाला येत नाही. कायद्यात बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने १९८३ मध्ये पुरावा कायद्यात पत्रकाराला असं संरक्षण देणारी तरतूद सुचवली होती. त्या कायद्याच्या जागी २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती नाही. हाताशी आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा पेगॅसस (फोनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रकरणातला २०२१ चा आदेश. सोर्सचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक मूलभूत अट आहे, असं त्यात म्हटलंय. त्याची प्रत वकिलाकडे असू द्या. सोर्सच्या नावाचा प्रश्न खटल्याशी संबंधित आहे का, हीच माहिती दुसरीकडून मिळू शकत नाही का, हे वकिलाने कोर्टापुढे आधी मांडायला हवं.

समन्स आल्यावर काहीही डिलीट करू नका, फाडू नका. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे. सोर्सला जपण्यासाठी जे करायचं ते बातमी छापायच्या आधीच. मिळालेली झेरॉक्स उजेडात धरून बघा: कोपऱ्यातला आवक क्रमांक, समासात हिरव्या पेनाची खूण, स्टेपलची भोकं. फाइल कोणत्या टेबलावरून आली, हे तेवढ्यावरून ऑफिसातला माणूस ओळखतो. असा कागद जसाच्या तसा छापला, तर पुढे कोर्टात गप्प राहून काय उपयोग?

माहीत असताना ‘माहीत नाही’ कधीही म्हणू नका. ती खोटी साक्ष होते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘माहीत आहे, पण मी शब्द दिलाय, नाव सांगणार नाही,’ हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. उत्तर नाकारलं तर फौजदारी कोर्ट सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शकतं, शिवाय वेगळा गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून घरच्यांना आदल्या रात्रीच सगळं सांगा, रोजच्या गोळ्या पिशवीत ठेवा.

सोर्सला स्वतःच्या फोनवरून फोन करू नका. त्याला आपलं नाव उघड करायचं असेल तर तो निर्णय त्याचा, आणि तोही वकिलाशी बोलून.

वही घरीच ठेवा. साक्ष देताना आठवण्यासाठी ती उघडलीत, तर समोरच्या वकिलाला ती बघायचा हक्क मिळतो.