टाकोच्या ताटातून मेक्सिकोचा इतिहास

आई किंवा बाबा मेक्सिकन आहेत, पण मुलं अमेरिकेत वाढताहेत, अशा घरात इतिहासाच्या सनावळ्या मुलांच्या डोक्यात टिकत नाहीत. जेवणाच्या टेबलावर टिकतात.

१. टाको (मक्याच्या पोळीत सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ) करायच्या दिवशी प्रत्येक जिन्नसाची चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या.

२. टेबलावर मधोमध दोरी ठेवून तिच्यावर १५२१ लिहा. त्या वर्षी स्पॅनिश सैन्याने, स्थानिक मित्रराज्यांच्या मदतीने, तेनोच्तित्लान ही तिथल्या मूळ रहिवासी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. आजचं मेक्सिको सिटी तिच्याच जागी उभं आहे.

३. दोरीच्या अलीकडे १५२१ च्या आधीपासूनचे जिन्नस, पलीकडे त्यानंतर आलेले. कोणती चिठ्ठी कुठे, हे आधी मुलांना ठरवू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. मका, मिरची, टोमॅटो, अव्होकाडो, घेवडा हे अलीकडे. स्पॅनिशांमुळे आलेले कांदा, कोथिंबीर, लिंबू, तांदूळ, चीज आणि गव्हाचा टॉर्टिया (पातळ पोळी) पलीकडे. कोथिंबिरीला मुलं हमखास चुकतात, आणि खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

४. मग आजीला व्हिडिओ कॉल लावा. तिच्या गावी टाकोत काय घालतात, ते मुलांनीच विचारायचं.

दुसरे पालक मराठी असतील तर पुढच्या वेळी कांदेपोहे घ्या. त्यातली मिरची, शेंगदाणे, बटाटा हे सगळं मूळचं अमेरिका खंडांतलं!

एक मात्र जपा: दोरीची एक बाजू ‘आपली’ आणि दुसरी ‘परक्यांची’ असं सांगू नका. बहुतेक मेक्सिकन कुटुंबांत दोन्हीकडचे पूर्वज असतात. आणि कुटुंब क्युबा किंवा पेरूचं असेल, तर पदार्थ आणि वर्षही तिथलंच घ्या.