आउटपुट ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे ओहम नसतात

सांगलीतलं बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद झालं, तेव्हा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या ट्यूबचा) एक खोका आणि जुन्या रेडिओंतून काढलेले सात आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारे, माझ्या वाट्याला आले. लेबल एकावरही नाही. भाच्याला ईएल८४ नावाच्या एकाच व्हॉल्व्हवर चालणारा पाच वॉटचा गिटार ॲम्प करून द्यायचं ठरलं, म्हणून त्यातला दिसायला बरा एक उचलला आणि आठ ओहमचा स्पीकर लावला. आवाज आला, पण बारीक, आणि जरा वर नेला की चिरका. भाचा म्हणाला, "मावशी, हा ॲम्प आहे की रिक्षाचा हॉर्न?"

चूक माझीच. "आउटपुट पाच हजार ओहमचा" असं आपण बोलतो खरं, पण ट्रान्सफॉर्मरला असे स्वतःचे ओहम नसतात. त्याच्याकडे असतं त्याच्या दोन वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण. दुसऱ्या बाजूला जो स्पीकर लावाल त्याचे ओहम त्या प्रमाणाच्या वर्गाने गुणले जातात आणि तेवढा भार व्हॉल्व्हला दिसतो. म्हणून आधी प्रमाण मोजायचं, स्पीकर नंतर.

ट्रान्सफॉर्मर ॲम्पमधून पूर्ण सोडवून बाहेर घ्या. मीटरवर ज्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स दोनतीनशे ओहम दिसेल ती प्रायमरी (व्हॉल्व्हकडची), एक ओहमही भरत नाही ती सेकंडरी (स्पीकरकडची). आता बारा व्होल्टचा साधा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याचं एसी प्रायमरीला द्या आणि सेकंडरीवर किती येतं ते बघा. उलटं करू नका. बारा व्होल्ट सेकंडरीला दिलेत तर पलीकडे पाचशेच्या घरात व्होल्टेज उभं राहतं आणि बोट नेमकं तिथेच असतं. आणखी एक: स्वस्त पिवळ्या मीटरला एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर अर्धा व्होल्ट धड वाचता येत नाही. दोन व्होल्ट एसीची रेंज असलेलं मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

माझ्या त्या 'बऱ्या' ट्रान्सफॉर्मरवर १२.४ व्होल्ट दिल्यावर ०.३१ आले. प्रमाण ४०, वर्ग १६००. गुणिले आठ ओहम, म्हणजे १२,८०० ओहम! ईएल८४ ला २५० व्होल्टवर एकट्याने चालवताना साधारण ५,२०० लागतात. ६व्ही६ हा व्हॉल्व्ह असेल तर ५,०००. जुन्या रेडिओत स्पीकर तीन-साडेतीन ओहमचे असत, त्यांच्याबरोबर हाच ट्रान्सफॉर्मर अगदी बरोबर होता: १६०० गुणिले ३.२, ५,१२०. बिचाऱ्याचा दोष काहीच नाही.

चार ओहमचा स्पीकर लावला असता तर ६,४०० झाले असते आणि ते चाललं असतं. इथे फार काटेकोर होण्यात अर्थ नाही, कारण स्पीकरचे आठ ओहमही कागदावरचेच. मीटरवर तो सहा-सात दाखवतो, कोन आपसूक थरथरतो त्या सुराच्या (रेझोनन्सच्या) आसपास त्याचा इंपीडन्स, म्हणजे एसीला होणारा विरोध, कित्येक पटींनी वर जातो आणि उंच सुरांत पुन्हा चढतो. ५,००० च्या जागी ६,००० असले तर झोप उडवून घेऊ नका. दुप्पट किंवा निम्म्यापर्यंत गिटार ॲम्प सहसा सोसतो. मात्र भाराचे ओहम फार वाढले की पेंटोडची (ईएल८४ सारख्या व्हॉल्व्हची) स्क्रीन ग्रिड ही आतली जाळी जास्त करंट ओढायला लागते. अंधारात व्हॉल्व्हच्या आत बारीक तारा लाल दिसल्या तर तिथेच थांबा.

मला मात्र आठ ओहमचाच स्पीकर ठेवायचा होता, म्हणून मोटार वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडून नवा ट्रान्सफॉर्मर भरून घेतला. मोजल्यावर १२.४ ला ०.४९, प्रमाण २५.३, आठ ओहमला ५,१०० च्या वर. उत्तम! पण वाजवला तर खालच्या तारेचा दमच गायब. काकांनी हातच्या सवयीने कोअरच्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरल्या होत्या. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढणाऱ्या पुशपुल ॲम्पमध्ये ते चालतं, कारण तिथे दोन व्हॉल्व्हचा डीसी एकमेकांना मारतो. एका व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये मात्र चाळीस-पन्नास मिलीॲम्पिअर सतत एकाच दिशेने वाहतो आणि कोअर चुंबकत्वाने भरून जातो. सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या, मध्ये गॅपसाठी पातळ कागद, असं पुन्हा भरायला लावलं. गिटारची खालची ई तार घुमली. ऑर्डर देतानाच "गॅप ठेवा" म्हणून सांगत चला.

स्पीकर निवडताना वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती डेसिबल आवाज देतो ते. ९० डेसिबलचा कारचा स्पीकर आणि ९७ डेसिबलचा गिटारचा, यांच्यातला फरक पाच वॉटचा ॲम्प पंचवीस वॉटचा करण्याएवढा आहे. शिवाय गिटारचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर बराच गप्प बसतो. ट्वीटरवाल्या स्पीकरमधून फाटलेला आवाज ऐकला की कानात गांधीलमाशी शिरल्यासारखं होतं. ॲम्प पाच वॉटचा असला तरी स्पीकर पंधरा-वीस वॉट झेपणारा घ्या, कारण पूर्ण फाडून वाजवताना ॲम्प लिहिल्यापेक्षा जास्त फेकतो. रेडिओतला जुना कागदी स्पीकर यात आठवड्याभरात फाटेल.

दोन स्पीकर हवे असतील तर सोळा-सोळा ओहमचे पॅरलल जोडा, आठ मिळतात. आठ-आठचे दोन असतील तर पॅरलल जोडून ट्रान्सफॉर्मरच्या चार ओहमच्या टॅपवर (सेकंडरीतून काढलेल्या वेगळ्या टोकावर) न्या. दोन्ही कोन एकाच दिशेला हलतात का ते पेन्सिल सेलने बघा: सेल टेकवताच दोन्ही पुढे यायला हवेत. एक आत गेला तर त्याच्या तारा बदला.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नका. ट्रान्झिस्टरला शॉर्ट घातक, व्हॉल्व्हला उघडं टोक घातक. भार नसला की प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंगचं किंवा सॉकेटचं इन्सुलेशन फोडून जातं. फेंडर कंपनीच्या ॲम्पमध्ये स्पीकरचा जॅक प्लग काढताच आउटपुट शॉर्ट करतो, तो याचसाठी. मी तसा जॅक बसवतेच, शिवाय सेकंडरीवर २२० ओहम पाच वॉटचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करते. आवाजाला फरक पडत नाही. भाच्याने आतापर्यंत तीनदा वाजवता वाजवता स्पीकरची वायर पायाने उपटली आहे, आणि तो ट्रान्सफॉर्मर अजून जिवंत आहे.