कर्करोग नोंदणीपासून आरोग्यविषमतेच्या अभ्यासापर्यंत: नव्या साथरोगतज्ज्ञासाठी

साथरोगशास्त्राची, म्हणजे लोकसमूहांतील रोगांचे प्रमाण आणि कारणे अभ्यासणाऱ्या शास्त्राची, पदव्युत्तर पदवी घेऊन कर्करोगाच्या क्षेत्राकडे वळणाऱ्याने संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या आधी नोंदणी कार्यालय गाठावे, असे माझे मत आहे. मुंबईची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी (ठरावीक भागातील रहिवाशांच्या सर्व कर्करोगांची नोंद) १९६३ पासून, तर बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे.

पहिले तीन-चार महिने नोंदणी सहायकाबरोबर फिरावे. रुग्णालये माहिती आपणहून पाठवतीलच असे नसल्याने हा कर्मचारी रुग्णालयांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि मृत्यूनोंदणी कार्यालयांत जाऊन केसपेपर चाळतो. एकाच बाईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे आणि वय ‘अंदाजे ५०’ असते. ती एकच व्यक्ती आहे हे ठरवणे कौशल्याचे काम आहे. पत्ता त्याहून अवघड. परळला उपचारासाठी आलेला सोलापूरचा शेतकरी मुंबईतील भाच्याचा पत्ता देतो. त्या भागात किमान वर्षभर वास्तव्य आहे का, हे विचारले नाही, तर मुंबईचा दर फुगतो आणि सोलापूरचा घटतो.

गाठीची जागा आणि पेशीप्रकार यांची सांकेतिक वर्गवारी, वयप्रमाणित दर (लोकसंख्येच्या वयरचनेतला फरक काढून टाकलेला दर) काढणे, हे सरावाने येते. केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण मात्र प्रत्येक अहवालात आवर्जून पाहावे, कारण ते जास्त असेल तर निदानच पोहोचत नाही, अशी शंका घ्यावी लागते. कमी दर म्हणजे कमी रोग, असे गृहीत धरले की विषमता दिसेनाशी होते.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ५२ गावसमूहांत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अवश्य वाचावा. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणीच्या एकाच फेरीने, ती चाचणी झालेल्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. गावोगावच्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा माग ठेवला नसता, तर हे सिद्ध करता आले नसते.

स्वतःचा पहिला प्रश्न लहान ठेवावा: उदाहरणार्थ, निदानाच्या वेळचा कर्करोगाचा टप्पा तालुक्यानुसार बदलतो का? नीतिसमितीची मान्यता घ्यावी, आणि एखाद्या गावातली एकमेव रुग्ण ओळखली जाऊ नये म्हणून काही वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात. तक्ता तयार झाल्यावर तो आधी त्या सहायकाला दाखवावा. कोणत्या तालुक्यातले शून्य खरे आणि कोणते त्या वर्षी पद रिकामे असल्यामुळे पडले, हे तोच सांगू शकतो.